तीन परतीची तिकिटं

मी मुळात भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला कुत्र्याची भीती वाटते, कुणाला उंचीची. मला गणवेशाची वाटते. बसचा कंडक्टर, पोस्टमन, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई, यांपैकी कुणीही माझ्याकडं जरा निरखून बघितलं की आपण नक्कीच काहीतरी गुन्हा केलाय असं मला मनापासून पटतं. मोटार चालवण्याची परीक्षा मी पाच वेळा दिली. पाचही वेळा शेजारच्या परीक्षकानं वही उघडताच मी गाडी कडेला घेतली आणि त्याची माफी मागितली. नगरपालिकेत मी कचऱ्याच्या डब्यांच्या खात्यात कारकून आहे. लोक फोनवर ओरडतात, मी सॉरी म्हणतो आणि त्याबद्दल मला पगार मिळतो.

पण जगातले सगळे गणवेश एका पारड्यात घातले आणि दुसऱ्यात माझे सासरे बसवले, तर सासऱ्यांचं पारडं खाली जाईल. ॲम्ब्रोज स्टोको, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत काढली आणि उरलेली लीकच्या वाफ्यात. लीक म्हणजे तशी कांद्याच्या पातीच्या कुळातली भाजी, पण आमच्या न्यूकॅसलकडं जातिवंत माणूस ती खाण्यासाठी लावत नाही, प्रदर्शनात मांडण्यासाठी लावतो. दांडा सहा इंचांहून लांब नको, पण जाडीला माझ्या दंडाला लाजवेल असा हवा. पाती रुंद, हिरव्यागार आणि अखंड हव्यात. एका पातीला नखाएवढी चीर गेली की वर्षभराची मेहनत मातीत. आमच्याकडं माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात, पण लीकला कुठल्या मंगळवारी वाळवलेल्या रक्ताचं खत घातलं आणि कुठल्या शनिवारी बिअर पाजली ते विसरत नाहीत.

एलरिग मूर या त्यांच्या जुन्या खाणीच्या गावातल्या क्लबात सासरे एकतीस वर्षं लीकची जोडी मांडत होते, आणि एकतीस वर्षांत पहिला नंबर एकदाही आला नव्हता. पहिला नंबर नेहमी सेप्टिमस मार नावाच्या म्हाताऱ्याचा. यंदा मात्र जोडी अशी भरली होती की लोक कुंपणाबाहेर उभे राहून टोपी काढून बघत. आणि नेमकं ऑगस्टात सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, खणणं कायमचं बंद. भाड्याचा वाफा ऑक्टोबरात परत करायचा होता, म्हणजे हीच शेवटची जोडी आणि हेच शेवटचं प्रदर्शन. ते आमच्या बैठकीच्या खोलीत पाय लांब करून बसले होते. तो पाय कुठल्याही मोटारीत मावत नव्हता. म्हणून जोडी एलरिग मूरला पोचवण्याचं काम घरातल्या दुसऱ्या पुरुषाकडं आलं. (दुसरा पुरुष हे सासऱ्यांचे शब्द. बोलताना ते जरा अडखळले होते.)

शनिवारी सकाळी थेल्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जोडी उपटून आणली, कोमट पाण्यानं धुतली, ओल्या टॉवेलात गुंडाळली आणि आमच्या नातवाच्या जुन्या बाबागाडीत निजवली. बाबागाडी ही सासऱ्यांची निवड. तिला स्प्रिंगा चांगल्या होत्या.

"ऐक, जावई," सासरे म्हणाले. "बारा वाजता क्लबाचं दार बंद. बारावर एक मिनिट झालं तर खुद्द राणीसाहेबांनाही मांडू देत नाहीत."

"हो."

"टॅक्सीनं जायचं. टॅक्सीवाल्याला सांगायचं, प्रेतयात्रेच्या चालीनं चालव."

"हो."

"आणि या बाबागाडीत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. कुणाला म्हणजे कुणाला. क्लबातल्या डंकनच्या जोडीवर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चाकू फिरला होता, ठाऊक आहे ना? सेप्टिमसचे कान सगळीकडं आहेत."

"पोलिसानं विचारलं तर?" मी विचारलं. (हे मी कुठंही जाण्याआधी विचारून ठेवतो.)

"पोलीस काय लीक लावत नाहीत? शपथ घे."

मी शपथ घेतली. थेल्मा मला दारापर्यंत सोडायला आली. "नीट नेशील ना रे?" तिनं हळूच विचारलं. "बाबांचं एवढं एकच राहिलंय बघ." तिचे डोळे भरले होते. मलाही गलबलून आलं.

इथंच मी सरळ बाहेर पडलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. पण टोपी राहिली म्हणून मी आत गेलो, टोपी घेताना फडताळावरच्या घड्याळात बघितलं, आणि घड्याळामागं पाकीट दिसलं.

पाकिटात रेल्वेची दोन व्हाउचर होती. गेल्या वर्षी लंडनहून भाचीच्या लग्नाहून परतताना आमची गाडी तीन तास एका सलगमच्या शेताशेजारी उभी राहिली होती. त्याबद्दल रेल्वेनं दिलगिरीचं पत्र आणि एकूण अडतीस पौंडांची व्हाउचर पाठवली होती. मी ती एखाद्या शोभेलशा प्रवासासाठी जपून ठेवली होती. थेल्मा दर महिन्याला म्हणायची, "अरे, वापर ती." मी दर महिन्याला म्हणायचो, "घाई काय आहे?" आता मी ती हातात घेतली. खाली बारीक अक्षरात शेवटची तारीख छापली होती. ती तारीख आजची होती.

फुकट मिळालेली गोष्ट फुकट जाणं हे आमच्या घराण्यात कुणाला सोसत नाही. माझ्या आजोबांनी दुकानातून चुकून आलेले डाव्या पायाचे दोन बूट दहा वर्षं वापरले. एलरिग मूरला रेल्वे जाते. गाडी दहा वाजून दोन मिनिटांनी सुटते आणि अकरा दहाला पोचते. स्टेशनापासून क्लब हाकेच्या अंतरावर. रेल्वे रुळावरून जाते, रुळाला खड्डे नसतात, म्हणजे खरं तर टॅक्सीपेक्षा रेल्वेच लीकच्या प्रकृतीला चांगली! (मनुष्य स्वतःला किती पटकन पटवतो!) मी न्हाणीघरात जाऊन कुजबुजत्या आवाजात टॅक्सी रद्द केली आणि बाहेर येऊन म्हणालो, "टॅक्सी कोपऱ्यावर उभी आहे."

स्टेशनपर्यंतचा रस्ता मी कसा काटला ते माझं मलाच माहीत. फुटपाथची प्रत्येक कड मी मागच्या चाकांवर, श्वास रोखून उतरलो.

व्हाउचर मशीनवर चालत नाहीत, खिडकीवरच द्यावी लागतात. खिडकीत गणवेशातला माणूस बसला होता.

"एलरिग मूर, परतीचं, एक."

"बारा पौंड साठ." त्यानं व्हाउचर उलटीसुलटी केली. "आज शेवटचा दिवस आहे यांचा."

"सॉरी."

"अडतीस पौंडांची आहेत. उरलेले पैसे परत मिळत नाहीत."

"म्हणजे बाकीचे पंचवीस पौंड..."

"गेले."

माझ्यामागं रांग होती. आमच्या देशात रांगेतल्या मागच्या माणसाचा वेळ खाणं हा खुनाच्या खालोखालचा गुन्हा आहे. मागून कुणीतरी खाकरलं आणि माझं डोकं बंद पडलं.

"तीन द्या," मी म्हणालो.

"तिघं आहात?"

मी बाबागाडीच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो. "हो. आम्ही तिघं."

तीन तिकिटांचे सदतीस पौंड ऐंशी झाले. उरलेले वीस पेन्स रेल्वेला गेले, आणि ते आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात.

गाडीत गर्दी नव्हती. मी बाबागाडी सीटशेजारी घेतली, ब्रेक लावला, शिवाय एक पाय चाकाला अडकवून ठेवला. समोर जांभळ्या टोपीतली एक म्हातारी विणत बसली होती. तिच्या पलीकडं एक तरुण मुलगी आणि मागं वर्तमानपत्रात बुडालेला एक गृहस्थ. दहा मिनिटं छान गेली. मग गार्ड आला.

"तिकिटं. एक, दोन, तीन." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "बाकीचे दोघं कुठं आहेत?"

खरं सांगावं तर शपथ मोडते. संडासात आहेत म्हणावं तर हा जाऊन दार ठोठावणार. मी बाबागाडीकडं बोट दाखवलं.

"जुळी?"

"जुळी," मी म्हणालो.

"अहो, मग तिकिटं कशाला काढली? पाच वर्षांखाली फुकट असतं! कुणी विकली तुम्हाला? थांबा, तक्रारीचा फॉर्म आणतो."

"नको, नको! हौसेनं काढली."

"कुणाच्या हौसेनं?"

"त्यांच्याच," मी म्हणालो. गार्ड माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला आणि पुढं गेला.

आता भित्र्या माणसाची एक अडचण असते. घाबरून तो एक खोटं बोलू शकतो, पण दुसरं बोलायला लागणारी हिंमत त्याच्यात नसते. पहिल्या खोट्यानंतर तो विचारेल त्याला खरं खरं सांगत सुटतो, आणि तिथंच त्याची वाट लागते.

"जुळी आहेत?" जांभळ्या टोपीनं विणकाम खाली ठेवलं. "अगंबाई, आणि मी इथं नुसती बसलेय! मी ऑलिव्ह प्राउड. नातवंडं का रे, बाळा?"

"सासऱ्यांची," मी म्हणालो.

ती विचारात पडली, पण तेवढ्यात तिची पर्स उघडली होती. आमच्या भागात तान्ह्या बाळाला पहिल्यांदा बघितलं की त्याच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवतात, नाहीतर त्याच्या नशिबी जन्मभर कडकी येते अशी समजूत आहे. नाणं नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. ऑलिव्हबाईंनी पन्नास पेन्सची दोन नाणी काढली. या नाण्यांना सात कोपरे असतात. लीकच्या पातीला एक पुरतो.

"बघू, मुठी बघू त्यांच्या."

"मुठी नाहीत त्यांना," मी बाबागाडीवर आडवा होत म्हणालो.

वर्तमानपत्र दोन इंच खाली आलं.

"देवा रे," ऑलिव्हबाई अगदी मायेनं म्हणाल्या. "दिवस भरायच्या आत झाली का? वजन किती आहे?"

"दोघं मिळून साडेचार पौंड."

"एवढीशी! आणि झाली कधी?"

"डिसेंबरात."

हे सप्टेंबरात चाललं होतं. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कुठल्या इस्पितळात?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत."

"आई कुठं आहे त्यांची?"

"आई अशी नाही. सासऱ्यांनीच सगळं केलं."

आता ती तरुण मुलगी उठून उभी राहिली. "एक मिनिट," ती म्हणाली. "मी नर्स आहे. खायला काय देता त्यांना?"

खोटं बोल, रेमंड, माझं मन ओरडत होतं. दूध म्हण. दूध हा साधा दोन अक्षरी शब्द आहे. पण तिच्या कोटाच्या खाली गणवेशाची निळी कॉलर दिसली आणि माझी जीभ आपोआप सुटली.

"वाळवलेलं रक्त," मी म्हणालो. "आणि शनिवारी थोडी बिअर."

"टॉवेल ओला आहे!" ऑलिव्हबाई किंचाळल्या. "लेकरांना ओल्या टॉवेलात गुंडाळलंय!"

"बाजूला व्हा. मला बघू द्या," नर्स म्हणाली.

"हात लावू नका! पात फाटेल!"

"काय फाटेल?"

ती डावीकडून आली की मी डावीकडं आडवा व्हायचो, उजवीकडून आली की उजवीकडं. गार्ड धावत आला, त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि दारातल्या फोनवर बोलायला लागला. "नऊ महिन्यांची, वजन काहीच नाही" एवढं ऐकू आलं. नंतर "माणूस सरळ वाटत नाही" हेही आलं. मग घोषणा झाली: काही कारणामुळं गाडी ब्लॅकरिगला थांबवण्यात येईल, प्रवाशांनी जागेवर बसून राहावं.

ब्लॅकरिगला गाडी थांबली तेव्हा दहा त्रेपन्न झाले होते. पोलीस येईपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं. दारं बंद, चारी बाजूंनी माणसं, घड्याळ पुढं चाललंय, आणि माझ्या डोळ्यांसमोर पाय लांब करून खिडकीत बसलेला तो म्हातारा. एकतीस वर्षं! अकरा वाजले. अकरा दहा झाले. मधल्या वेळात डब्यातली माणसं एकेक करून उठत होती आणि माझ्या कोपराखालून टॉवेलात नाणं सरकवून जागेवर जात होती. एवढ्या फुटक्या नशिबाच्या लेकरांना जितकी चांदी मिळेल तितकी कमीच, असं त्यांना वाटलं असणार. अर्थातच त्यांनी त्यासाठी रांग लावली होती. प्रत्येक नाणं आत जाताना माझ्या काळजात रुतत होतं.

"गाडी थांबल्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही, ही मोठी माणुसकी आहे," मी रडवेल्या आवाजात म्हणालो.

"अजून चार मिनिटं थांबली," वर्तमानपत्रामागून आवाज आला, "की आम्हा सगळ्यांना व्हाउचर मिळतं."

अकरा वाजून सोळा मिनिटांनी पोलीसबाई आत आल्या. उंच, रुंद, आणि गणवेश असा कडक की मी आपोआप उभा राहिलो.

"टॉवेल काढा."

"काढता येणार नाही."

"का?"

"शपथ घेतलीय."

"मग तुम्हाला माझ्याबरोबर चौकीवर यावं लागेल."

खरं सांगतो, त्या क्षणी मला चौकी बरी वाटली. तिथं दाराला कुलूप असतं आणि सासरे आत येऊ शकत नाहीत. पण मला थेल्माचे डोळे आठवले. चौकीत बसून मी वाचलो असतो, ती जोडी वाचली नसती. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःसाठी वाटते त्यापेक्षा दुसऱ्यासाठी जास्त भीती वाटली, आणि मी बोलून टाकलं.

"लीक आहेत."

"काय आहे?"

"लीक. एलरिग मूरच्या प्रदर्शनाची जोडी. बारा वाजता दार बंद होतं. बाई, पाया पडतो, काय करायचं ते मला करा, पण ही तिथं पोचवा."

पोलीसबाईंनी दोन बोटांनी टॉवेल बाजूला केला. आत दोघं शेजारी शेजारी पहुडली होती: पांढरीशुभ्र, गुबगुबीत, खाली धुतलेल्या मुळांची दाढी, आणि वर निळसर हिरव्या पातींचा पसारा. एका पातीवर क्लबाच्या कमिटीनं मालकाचं नाव घालून मारलेला निळा शिक्का होता. नर्स मटकन खाली बसली. बाकी सगळे उभे राहिले.

मला वाटलं होतं की आता मार बसणार. पण आमची माणसं तुम्हाला माहीत नाहीत. गार्डनं टोपी काढली. वर्तमानपत्रवाले गृहस्थ वर्तमानपत्र टाकून पुढं आले. ऑलिव्हबाईंनी चष्मा चढवला, वाकून शिक्का वाचला आणि हळू आवाजात विचारलं, "ॲम्ब्रोज स्टोकोची?"

"हो. मी जावई."

"सगळ्या खोऱ्यात यंदा या जोडीशिवाय विषय नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी पर्स उचलून माझ्या डोक्यात घातली. "अरे मूर्खा! प्रदर्शनाची जोडी कुणी रेल्वेनं आणतं का? धक्के बसतात! खिडकीतून वारा लागतो! आणि मला नाणी टाकू दिलीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मघापासून मी म्हणतोय, माणूस सरळ नाही," गार्ड म्हणाला. जुळ्यांना बिअर पाजणाऱ्या माणसाकडं डब्यानं दयेनं बघितलं होतं. आता मात्र सगळे मला खाऊ की गिळू असे बघत होते.

पोलीसबाईंनी घड्याळ बघितलं. "सहा मैल," त्या म्हणाल्या. "माझे वडील याच प्रदर्शनात चौथे येतात. उचला गाडी. तुम्ही नाही! तुम्ही हात लावू नका."

पोलिसांच्या गाडीत मागं बाबागाडी. एका बाजूनं ऑलिव्हबाईंनी धरलेली (त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि थांबवायची कुणाची छाती नव्हती), दुसऱ्या बाजूनं नर्सनं. मी पुढं बसलो. चालवणारी पोलीस, शेजारी मी, आणि काटा ताशी पंधरा मैलांवर. मागं ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता. दर वळणाला ऑलिव्हबाई ओरडायच्या, "हळू!" आणि दर मिनिटाला मी घड्याळ बघून देवाला म्हणायचो, जरा जोरात. देवानं कुणाचं ऐकलं ते कळायला मार्ग नाही, पण आम्ही अकरा चोपन्नला क्लबाच्या दारात होतो.

दारात सेप्टिमस मार उभा होता. पोलिसांच्या गाडीतून मला उतरताना बघून त्याचा चेहरा उजळला. मागून बाबागाडी उतरली तेव्हा तो उतरला.

पंचांनी टॉवेल उलगडला आणि टेबलावर खळखळ नाणी पडली. एकूण सात. सभागृहात कुजबुज झाली. आठवं नाणं दोन पातींच्या मध्ये उभं अडकलं होतं. मुख्य पंचानं ते चिमट्यानं काढलं, भिंग घेतलं आणि ती जागा तपासायला सुरुवात केली. चार मिनिटं तो तपासत होता. त्या चार मिनिटांत मी नगरपालिकेचा राजीनामा मनात लिहिला, कॅनडाला गेलो, नाव बदललं आणि तिथं एकटाच म्हातारा झालो.

"ओरखडा नाही," पंच म्हणाला. मग त्यांनी मोजायला फीत काढली. स्टोको, एकशे एकेचाळीस घनइंच. मार, एकशे साडेएकोणचाळीस.

मी क्लबातून घरी फोन लावला. सासऱ्यांनीच उचलला. ते "हॅलो"सुद्धा म्हणाले नाहीत.

"किती?"

"एकशे एकेचाळीस."

"त्याची?"

"दीडनं कमी."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग थेल्माचा घाबरा आवाज. "रेमंड, बाबा हमसून हमसून रडतायत! काय केलंस तू?"

"पहिला नंबर आला," मी म्हणालो, आणि मीही भर क्लबात रडायला लागलो. ऑलिव्हबाईंनी मला रुमाल दिला आणि तेवढ्यात आणखी एकदा पर्स मारली.

सोमवारी संध्याकाळच्या पेपरात सगळं छापून आलं. गाडी, गार्ड, रक्त, बिअर, पोलीस, एकही गोष्ट सुटली नव्हती. सोबत मोठा फोटो: बाबागाडीत ती जोडी, पहिल्या नंबराची फीत, आणि शेजारी गाडीचा दांडा धरून हसणारा मी. (माझा इतका चांगला फोटो आजवर आला नव्हता. लग्नाच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.)

"रेल्वेनं गेलास?" थेल्मा म्हणाली.

"व्हाउचर संपत होती गं."

"आणि लीकची परतीची तिकिटं काढलीस? परतीची? अरे, संध्याकाळी क्लबात त्यांचं सूप करतात!"

याचा मात्र मी खरंच विचार केला नव्हता.

सासरे पेपर वाचत होते. मी दाराशी उभा राहिलो, पळायला सोपं पडावं म्हणून. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, पेपर गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"हात किती जणांनी लावला?"

"एकानंही नाही. मी आडवा पडलो होतो."

"हं," ते म्हणाले. एवढंच. पण ते "हं" नेहमीपेक्षा जरा लांब होतं, आणि तेहतीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक असावं, असं मी धरून चाललो. मग त्यांनी थेल्माकडून कात्री मागून घेतली, फोटो कापला आणि चौकट करायला पाठवला.

तो फोटो आता त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात. परवा क्लबातला कुणीतरी आला होता, त्यानं अगदी जवळ जाऊन निरखून बघितलं. "ॲम्ब्रोज," तो म्हणाला, "या कडेला बाबागाडीच्या दांड्यावर तीन बोटं दिसतायत, ती कुणाची रे?"

मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभा होतो.

"असतील कुणाची तरी," सासरे म्हणाले. "तू लीक बघ."